मोंबासाला जायचे, तर त्सावोच्या वाटेने

आफ्रिकेची सहल आता मराठी मध्यमवर्गाला अप्रूपाची राहिलेली नाही. सुट्ट्या जवळ आल्या की ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांत केनियाचा एक ठरीव साचा दिसतो. नैरोबीला उतरायचे, गाडीने मसाई मारा गाठायचे, वाटेत नाकुरू, नैवाशा, अंबोसेली यांतली एक-दोन ठिकाणे उरकायची आणि शेवटी ‘थकवा घालवायला’ विमानाने मोंबासाच्या किनाऱ्यावर दोन रात्री काढायच्या. जंगल झाले, समुद्रही झाला. एका सहलीत दोन्ही असावे ही कल्पना मला मनापासून पटते. सफारी ही दगदगीची गोष्ट आहे. पहाटे उठणे, धूळ, तासन्‌तास गाडीत बसणे हे सोसल्यावर आजी-आजोबांना आणि लहान मुलांना मोकळा किनारा हवाच असतो. माझा आक्षेप आहे तो जोडणीच्या पद्धतीला. मारा केनियाच्या पश्चिम कडेला, टांझानियाच्या सीमेवर. मोंबासा पूर्वेला, हिंदी महासागरावर. रस्त्याने अंतर सातशे किलोमीटरच्या वर. या दोन टोकांमध्ये नैरोबी आणि मोंबासा यांच्या वाटेवर त्सावोचे प्रचंड जंगल पसरलेले आहे आणि आपले विमान नेमके त्याच्यावरून उडून जाते. मोंबासाला जायचे असेल, तर जंगल त्सावोचे पाहावे आणि दोन्हीकडे पुरेसे राहावे, असे माझे म्हणणे आहे. जंगल आणि शहर एका सहलीत बांधायचे, तर ती दोन ठिकाणे मुळातच एकमेकांशी बांधलेली असावीत. त्सावो आणि मोंबासा तशी आहेत, आणि ही गाठ पाण्याची आहे, लोखंडाची आहे, हस्तिदंताचीही आहे.

आधी पाण्याचे पाहू. त्सावोचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आहेत. १९४८ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेले हे क्षेत्र दोन्ही मिळून बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे, म्हणजे आपल्या गोव्यासारखी सहा राज्ये त्यात मावतील. हा सगळा प्रदेश कोरडा, काटेरी झुडपांचा. तरी पश्चिम भागात म्झिमा नावाचे झरे बारमाही वाहतात. शेजारच्या च्युलू टेकड्या ज्वालामुखीच्या राखेच्या आणि सच्छिद्र लाव्हाच्या आहेत. तिथे पडणारा पाऊस ओढ्यांतून न वाहता सरळ जमिनीत मुरतो, खडकातून गाळला जातो आणि कित्येक किलोमीटर दूर म्झिमाला काचेसारखा स्वच्छ होऊन वर येतो. तिथे पाण्याच्या पातळीखाली उतरून आत पाहता येईल अशी एक खिडक्यांची लहानशी खोली बांधलेली आहे. पाणघोडे रात्री बाहेर चरतात, दिवसा पाण्यात येऊन पडतात. त्यांच्या शेणावर पाण्यातले किडे आणि मासे पोसले जातात, आणि काही मासे तर थेट त्यांच्या कातडीला तोंड लावून ती साफ करत असतात. बाहेर दुष्काळी रान आणि आत ही भरलेली पंगत. याच झऱ्यांचे पाणी १९५० च्या दशकात घातलेल्या, दोनशे किलोमीटरहून लांब जलवाहिनीने मोंबासाला जाते. किनाऱ्यावरच्या शहराची तहान भागवण्यात या जंगलाचा वाटा आहे. विहार आणि तुळशी तलावांचे पाणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानातून मुंबईला येते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. च्युलूवरची झाडी तुटली, तर त्याचा फटका मोंबासाच्या नळांनाही बसेल.

दुसरे पाणी गलाना नदीचे. नैरोबीच्या परिसरात उगम पावणारी अथी आणि किलिमांजारोकडून येणारी त्सावो या दोन नद्या उद्यानात एकत्र येतात, त्यांची गलाना होते आणि हीच नदी पुढे साबाकी या नावाने मोंबासाच्या उत्तरेला मालिंदीजवळ समुद्राला मिळते. वरच्या खोऱ्यातली शेती, गुरांची चराई आणि नैरोबीची घाण असे सगळे ती वाहून आणते. पावसाळ्यात तिच्या मुखाशी समुद्र तांबूस-तपकिरी होतो आणि तो गाळ मालिंदीच्या प्रवाळांपर्यंत पोहोचतो. मालिंदी आणि वाटामू ही १९६८ पासूनची सागरी उद्याने, आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी. किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीत बसून प्रवाळ पाहणाऱ्याला, त्याच नदीच्या काठी दोन दिवसांपूर्वी पाणी पिणारे हत्ती आठवले, तर त्या प्रवाळाचे दुखणे त्याला पुस्तक न वाचताही कळेल. विमानाने मारातून थेट किनाऱ्यावर टाकलेल्या पर्यटकाला ते कळण्याची सोयच नसते.

आता हस्तिदंत आणि लोखंड. एकोणिसाव्या शतकात या रानातून हस्तिदंताचे तांडे मोंबासाच्या बंदराकडे जात. आतल्या भागातले कांबा व्यापारी दात गोळा करत, ते किनाऱ्यावर येत, आणि पूर्व आफ्रिकेच्या हस्तिदंताचा मोठा हिस्सा झांझिबारमार्गे आपल्या मुंबईत उतरे. काही इथेच बांगड्यांसाठी खपे, उरलेला लंडनला जाई. त्सावोच्या हत्तींची कहाणी सांगताना मुंबईच्या गोद्यांचे नाव टाळता येत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. पुढे त्याच वाटेने रेल्वे आली. १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले, १८९९ मध्ये रूळ नैरोबीला पोहोचले, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला. त्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले गेले, त्यांत पंजाबी बहुसंख्य होते. सुमारे अडीच हजार जण परतले नाहीत. १८९८ मध्ये त्सावो नदीवरचा पूल बांधताना दोन बिनआयाळीच्या सिंहांनी महिनोन्‌महिने मजुरांच्या छावण्यांवर हल्ले केले. पुलाचे काम पाहणारा अधिकारी पॅटरसन याने त्या वर्षीच्या डिसेंबरात दोघांनाही मारले. बळींचा त्याने सांगितलेला १३५ हा आकडा गाजला. सिंहांच्या अवशेषांवर २००९ मध्ये झालेल्या अभ्यासाने तो पस्तिसाच्या आसपास आणला. ते सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून उभे आहेत. त्यांचे नाव जगाला माहीत आहे, मजुरांची नावे मात्र कुणाच्या तोंडी नाहीत. आपल्या देशातून जाणाऱ्या पर्यटकाला त्सावोच्या त्या पुलाशी थांबण्याचे कारण सिंहांपेक्षा मोठे आहे.

मोंबासाबद्दलही असेच म्हणावे लागते. आपल्या पॅकेजांत मोंबासा म्हणजे रिसॉर्ट, जलतरण तलाव आणि वाळू. एवढ्यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. तारकर्लीची वाळू काही कमी दर्जाची नाही. मोंबासा हे शेकडो वर्षांचे बंदर आहे. अरबस्तान, इराण, गुजरात आणि कोकण या साऱ्या किनाऱ्यांशी मोसमी वाऱ्यांनी जोडलेले. तिथला फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला आणि त्याचा कारभार गोव्याच्या सत्तेखाली चाले. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी त्याला वेढा घातला, तो तेहतीस महिने टिकला आणि १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला. या वेढ्यातल्या लोकांना मदत म्हणून गोव्याहून आलेल्या जहाजांपैकी एक किल्ल्यासमोरच १६९७ मध्ये बुडाले. त्याचे नाव ‘सांतो आंतोनियो द तना’. यातले ‘तना’ म्हणजे आपले ठाणे, आणि हे जहाज बांधले होते वसईत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचे अवशेष शोधून काढले आणि त्यातल्या वस्तू आज त्याच किल्ल्याच्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत. जहाज बुडाल्यावर बेचाळीस वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई घेतली. ही माहिती मराठी गटाबरोबर जाणाऱ्या टूर मॅनेजरने किल्ल्याच्या दारात सांगितली पाहिजे. पण दोन रात्रींच्या ‘बीच स्टे’मध्ये किल्ल्याला मिळतो तो जेमतेम तासभर, तोही मिळाला तर.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप उघड आहे. केनियाला जाऊन मारा पाहायचे नाही? जुलै ते ऑक्टोबरमध्ये लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात, ते दृश्य जगात दुसरीकडे नाही. हे खरे आहे, आणि ज्याला तेच पाहायचे आहे त्याने मारालाच जावे. मात्र तिथेच राहावे, चार-पाच रात्री, आणि त्याला समुद्राचे शेपूट जोडू नये. अर्ध्या वेळात मारा करून मोंबासाला पळणाऱ्याला नदी ओलांडण्याचा क्षण गाठणे बहुतेक नशिबावरच सोडावे लागते. कळप कधी उतरेल हे कुणालाच सांगता येत नाही. मारा राखीव क्षेत्र आहे पंधराशे चौरस किलोमीटरचे, त्सावोच्या जेमतेम पंधराव्या हिश्शाएवढे, आणि केनियाला सफारीसाठी जाणारे बरेचसे पर्यटक तिथेच लोटतात. हंगामात नदीकाठी गाड्यांची दाटी होते, प्राण्यांच्या वाटा अडतात. गर्दीला आवर घालण्याच्या उद्देशाने २०२४ पासून तिथले परदेशी पर्यटकाचे प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला दोनशे डॉलर झाले. गाड्यांची दाटी म्हणजे काय हे आपल्याला नवे नाही. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिचे बछडे दोन्ही बाजूंनी कोंडले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पैसे मोजले म्हणजे प्राणी दिसलाच पाहिजे, ही सवय आपण इथे लावून घेतली आहे आणि तीच घेऊन आपण आफ्रिकेत उतरतो.

त्सावोत ती सवय चालत नाही. झुडुपे दाट, क्षेत्र अफाट, गवताळ माराइतके प्राणी सहज नजरेस पडत नाहीत. सिंह किंवा बिबट्या न दिसता दोन दिवस जाऊ शकतात, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पण केनियातल्या हत्तींची सर्वांत मोठी संख्या इथे आहे, आणि ते इथल्या लोहयुक्त लाल मातीत लोळून, तीच अंगावर उडवून विटकरी रंगाचे झालेले असतात. कोरड्या दिवसांत पाणवठ्याशी गाडी थांबवून एक तास शांत बसले, की कळप येतात. म्हातारी हत्तीण पुढे, पिल्ले पोटाखाली, नर बरेच मागे. पाणी कुणी आधी प्यायचे याचा क्रम ठरलेला असतो. गेरेनुक नावाचे लांब मानेचे हरीण मागच्या दोन पायांवर सरळ उभे राहून काटेरी फांद्यांचा वरचा पाला खाते. ते मारात नाही, या कोरड्या झुडुपी रानातच दिसते. हे हत्ती टिकले आहेत याची किंमतही इथेच कळते. १९७०-७१ च्या दुष्काळात त्सावोत हजारो हत्ती मेले, त्यानंतरच्या दोन दशकांत चोरट्या शिकारीने केनियातल्या हत्तींची संख्या दीड लाखाहून अधिकवरून सुमारे सोळा हजारांवर आणली. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. २०२१ च्या गणनेत देशभरात ३६,२८० हत्ती मोजले गेले. तरी २०१४ मध्ये सताओ हा जमिनीला टेकणाऱ्या दातांचा प्रसिद्ध हत्ती त्सावोतच विषारी बाणाने मारला गेला, आणि त्या वर्षांत चोरटा हस्तिदंत जगभर पाठवण्याचे एक मोठे दार मोंबासा बंदर हेच होते. जंगल आणि बंदर यांची गाठ ही अशीही आहे.

दुसरा आक्षेप खिशाचा. एवढे विमानभाडे मोजून गेल्यावर एकच जंगल आणि एकच शहर? चार उद्याने दाखवणारी सहल अधिक ‘वसूल’ होते, असे आपल्याकडे मानतात. हिशेब मांडून पाहावा. नैरोबी ते मारा पाच-सहा तास, तिथून नाकुरू पुन्हा तेवढेच, अंबोसेलीला जायचे तर जवळपास पूर्ण दिवस. आठ दिवसांच्या सहलीतले तीन-चार दिवस रस्त्यावर जातात आणि जंगलातले उत्तम तास, म्हणजे पहाट आणि संध्याकाळ, पॅकिंग करण्यात निघून जातात. याउलट नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे ३१ मे २०१७ रोजी सुरू झाली आहे. सकाळची थांबे घेणारी गाडी पकडली, तर दुपारपर्यंत वोई स्टेशन येते आणि तिथून त्सावो पूर्वचे प्रवेशद्वार अगदी जवळ आहे. तीन रात्री राहून पुढे मोंबासा दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर. देशांतर्गत विमानाचे तिकीट वाचते, सामानही कमी वेळा बांधावे लागते. या रेल्वेने जंगलाचे नुकसानही केले आहे. उंच भराव घालून तिने उद्यान चिरले. हत्तींसाठी खालून मोठे मार्ग सोडले आहेत आणि हत्ती ते वापरतातही, पण पूर्वी कुठूनही ओलांडता येणारी जागा आता मोजक्या दारांवर आली. खिडकीतून ते भराव आणि ते मार्ग पाहणे हाही त्सावो समजून घेण्याचाच भाग आहे. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी मार्ग बांधले गेले. त्यावर मत बनवण्याआधी हे पाहिलेले उपयोगी पडेल.

याच जोडणीचे एक वाईट रूप आज मोंबासाच्या किनाऱ्यावरच विकले जाते, तेही सांगायला हवे. रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहिलेल्या पाहुण्यांना पहाटे व्हॅनमध्ये बसवून त्सावोत आणतात, एखादी रात्र ठेवतात किंवा तीही नाही, आणि परत नेतात. दिवसभरात ‘बिग फाइव्ह’ दाखवण्याचे दडपण ड्रायव्हरवर. मग वेग, धूळ आणि वायरलेसवरून एकमेकांना बोलावणे. अशा पर्यटकाचा पैसा बहुतांशी किनाऱ्यावरच राहतो, जंगलाच्या काठच्या गावांच्या वाट्याला काही येत नाही. त्यामुळे दोन ठिकाणे जवळ असणे पुरेसे नाही. जंगलात निदान तीन रात्री काढणे ही माझी अट त्यासाठीच आहे. वोईजवळच्या सगल्ला भागातल्या शेतकऱ्यांकडे पाहावे. हत्ती रात्री मक्याच्या शेतात शिरतात. म्हणून तिथे शेताभोवती खांब रोवून त्यांच्यामध्ये मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या आहेत आणि सगळ्या पेट्या एका तारेने जोडल्या आहेत. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या उठतात, हत्ती मागे फिरतो. मध विकून चार पैसे मिळतात. हा उपाय दर वेळी चालतोच असे नाही, दुष्काळात पोळी रिकामी होतात. पण जो पर्यटक तो मध विकत घेतो, गावातला गाईड घेतो, तो हत्ती वाचवण्यात प्रत्यक्ष भर घालतो. एका रात्रीच्या पाहुण्याला हे शक्य नसते.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा, आणि मला तो सर्वांत कमी पटतो. जंगलात जाणाऱ्याने जंगलातच राहावे, किनाऱ्यावरची चैन त्यात कालवू नये, असे ते म्हणतात. त्यामागची कळकळ खरी आहे. परंतु जंगलाचे भवितव्य जंगलात ठरत नाही. म्झिमाचे पाणी किती उपसायचे, भराव कुठून न्यायचा, बंदरात कंटेनर किती कसून तपासायचे, हे सगळे शहरात ठरते. हत्ती पाहून बंदर न पाहणाऱ्याचे शिक्षण अर्धेच राहते. शिवाय कुटुंबात सगळ्यांचे मन सारखे नसते. घरातल्या एकाला पक्षी हवे असतात, दुसऱ्याला जुने वाडे आणि बाजार. मोंबासाच्या जुन्या शहरातली कोरीव लाकडी दारे, तिथल्या जेवणातली चपाती आणि भजी पाहून मराठी माणसाला परके वाटणार नाही.

तेव्हा बुकिंग करताना काही गोष्टी आग्रहाने मागाव्यात. मे महिन्याची सुट्टी टाळावी. एप्रिल-मे हा तिकडचा मोठा पाऊस, रस्ते चिखलाचे आणि समुद्र खवळलेला. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर ती, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण परतताना भारतातच तिचा दाखला मागतात; मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण त्सावो आणि किनारा दोन्हीकडे तो आहे. खाऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नये, केनियात त्यांवर २०१७ पासून बंदी आहे. आणि एजंटाने छापील कार्यक्रम पुढे केला, तर त्यातले मारा-मोंबासा खोडून तीन रात्री त्सावो, तीन रात्री मोंबासा, मधला प्रवास जमिनीवरून, फोर्ट जीझसला पूर्ण सकाळ, असे लिहून मागावे. दहा-बारा कुटुंबांनी असे मागितले, की कंपन्या पुढच्या हंगामात तोच कार्यक्रम जाहिरातीत छापतील.